एक लावायला, एक कापायला

गेल्या शनिवारी मोटारीचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात उभा होतो. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या गाडीचा नंबर कॉम्प्युटरात घातला आणि ऑइल फिल्टरचे तीन खोके माझ्यासमोर ओळीने मांडले. एक स्वस्त, एक मधला, एक महाग. "विच वन, मी डक?" नॉटिंगहॅममध्ये अनोळखी माणसालाही प्रेमाने बदक म्हणतात. पहिल्या वर्षी मी ते मनाला लावून घेत असे, आता घेत नाही. मी मधल्या खोक्यावर बोट ठेवलं आणि सवयीने म्हणालो, "टू, प्लीज."

"दोन गाड्या आहेत का?" बाईंनी विचारलं.

"नाही, एकच."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. एका गाडीला एकच फिल्टर बसतो हे ह्या माणसाला सांगावं की न सांगावं, असा पेच त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. खुलासा करायचा तर मिस्टर कोण होते इथपासून सुरुवात करावी लागली असती, आणि माझ्यामागे चार गिऱ्हाइकं उभी होती. तुमच्यामागे कुणी उभं नसेल असं धरून चालतो.

मिस्टर म्हणजे शैलाकाकूंचे मिस्टर. आम्ही पुण्याहून इथे आलो त्याला तीन महिने झाले होते. एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात मी आणि माझी बायको मेघना कढीपत्त्यावरून भांडत होतो. एवढा घ्यायचा की तेवढा, असा प्रश्न होता. इंग्लंडात मराठीत भांडायची मोठी सोय असते, कुणाला कळत नाही असं आपण समजतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "कढीपत्ता फ्रीजरमध्ये छान राहतो हो. जास्तच घ्या. पण भांडण इथेच संपवा, घरी नेऊ नका." साठी ओलांडलेल्या, अंगात जाड कोट आणि कोटाखाली साडी अशा शैलाकाकू. पाच मिनिटांत कळलं की त्या आमच्याच गल्लीत, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. दहाव्या मिनिटाला मी आमच्या नव्या, म्हणजे सहाव्या हाताने घेतलेल्या गाडीची तक्रार त्यांना सांगून मोकळा झालो.

"आमच्या मिस्टरांना दाखवा की," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढली त्यांनी. आता घरीच असतात."

गाडीत बसल्यावर मेघना हळू आवाजात म्हणाली, "चाळीस वर्षं हॉस्पिटलात. काय झालं असेल रे?"

"काहीतरी जुनाट असणार," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बिचाऱ्यांसाठी संत्री घेऊन गेलो. बिचारे ड्राइव्हवर, म्हणजे घरापुढच्या गाडी लावायच्या जागेत, गाडीखाली उताणे पडले होते आणि बाहेर आले ते अंगावर निळा डगला, हात तेलाने काळे, सत्तरीचे पण वाटेत आलेली भिंत ढकलतील असे. मेघना माझ्या कानाशी म्हणाली, "बरे झालेले दिसतायत." संत्री पाहून ते म्हणाले, "मला? कशाबद्दल?" मेघनाने पिशवी पुढे केली, मी हवेबद्दल बोलायला लागलो.

मग मी माझ्या तल्लख बुद्धीने निष्कर्ष काढला. मनुष्य पेशंट नव्हता, हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये होता. बॉयलर, लिफ्ट, जनरेटर असलं काहीतरी. पुरावे भक्कम होते. घरी येणाऱ्या पाकिटांवर 'मिस्टर तासगावकर', शेजारी हाक मारणार 'मिस्टर', डॉक्टर कुणी म्हणत नाही, आणि हातात कायम पाना. ह्या समजुतीवर मी चांगले पाच महिने काढले. त्या पाच महिन्यांत मी त्यांच्याशी किती प्रेमाने वागलो हे आठवलं की आजही मला पांघरूण डोक्यावरून घ्यावंसं वाटतं. "तुमच्यासारख्या माणसांमुळे हॉस्पिटलं चालतात," असंसुद्धा मी त्यांना एकदा म्हणालो. ते म्हणाले, "असू दे की."

कळस झाला तो माझ्या पोटदुखीत. जेवणानंतर दुखायचं. मी इंटरनेटवर वाचून स्वतःच्या पित्ताशयाचा अभ्यास केला होता आणि एके दिवशी मिस्टरांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून तो त्यांना समजावून सांगत होतो. "म्हणजे असं बघा, आत एक छोटी पिशवी असते."

"असते होय?" मिस्टर दिव्याखाली स्पार्क प्लग घासत म्हणाले.

"असते. त्यात खडे होतात. तुम्हाला सोपं करून सांगायचं तर कार्बोरेटरमध्ये कचरा अडकावा तसं."

"कुठल्या बाजूला असते म्हणालास?"

मी डाव्या बरगडीखाली हात ठेवून दाखवलं. मिस्टरांनी प्लग खाली ठेवला, माझ्या हाताकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "असं होय. मी आपला आजवर उजवीकडे शोधत होतो."

काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ट्रे हलायला लागला. हसू आवरल्यावर त्यांनीच मला सगळं सांगितलं. मिस्टर तासगावकर नॉटिंगहॅममधल्या एका हॉस्पिटलात पोटाचे सर्जन होते. ह्या देशात डॉक्टर लोक सर्जनची परीक्षा पास झाले की डॉक्टर ही पदवी सोडतात आणि अभिमानाने मिस्टर होतात. "लग्न झालं तेव्हा हे डॉक्टर होते," काकू म्हणाल्या. "इथे आलो, परीक्षा दिली आणि मिस्टर झाले. मी मिरजेला आईला कौतुकानं कळवलं, आता ह्यांना कुणी डॉक्टर म्हणत नाही. तर ती माउली दोन दिवस जेवली नाही. तिचं उलट पत्र आलं, डिग्री काढून घेतली काय गं त्यांची, काय केलं जावईबापूंनी?"

मिस्टरांनी मात्र एवढंच सांगितलं की उद्याच्या उद्या पोटाचा स्कॅन करून घे. आणि जाताना डॉक्टरला बाजू सांगू नकोस, त्याची त्याला शोधू दे.

त्या दिवसापासून आम्हीही त्यांना मिस्टर म्हणू लागलो. घरात थोडी अडचण झाली. मेघना फोनवर आईला सांगायची, "मिस्टर आलेत, नंतर बोलते," आणि तिकडे सासूबाई माझ्यासाठी आवाज खाली करायच्या. शेवटी घरात मिस्टर हा किताब त्यांच्याकडेच राहिला आणि मी 'हा' झालो. हा आला, हा गेला. मी तक्रार केली नाही. किताबाला शोभेल असं माझ्याकडे काही नव्हतं.

मिस्टरांचा एकच धर्म होता. कापून बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. चाळीस वर्षं माणसं कापून बघितली, निवृत्तीनंतर माणसं मिळेनात म्हणून वस्तू. कुकरची रिंग, स्मोक अलार्म, थर्मास, बूट, जे घ्यायचं ते दोन. "एक लावायला, एक कापायला," असं ते दुकानातच मोठ्याने सांगत. कापायची वस्तू गॅरेजमधल्या टेबलावर स्वच्छ टॉवेलवर ठेवत, हात कोपरापर्यंत धूत, आणि मग आत काय आहे ते बघत. काकूंना ह्या खर्चापेक्षा भंगाराचा त्रास होता. "मला बघायला आले तेव्हा दोन मुली मागितल्या नाहीत हे माझं नशीब," त्या म्हणायच्या.

"एकच होती त्या घरात," मिस्टर म्हणायचे.

पहिल्या गणपतीला मेघनाने जिद्दीने उकडीचे मोदक केले. मिस्टरांनी आपल्या ताटलीतला मोदक सुरीने मधोमध कापला, दोन अर्धुकं बाजूला सारली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. आम्ही सगळे श्वास रोखून. "भिंत जाड आहे," ते म्हणाले. "पण आतलं उत्तम. पेशंट जगेल." मेघना रुसली. मिस्टरांनी त्यावर पाच मोदक खाल्ले, त्यातले चार न कापता. हा त्यांनी केलेला सर्वात मोठा सन्मान होता हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

गाळणीचं प्रकरण त्यानंतरच्या हिवाळ्यातलं. ऑइल फिल्टरला मिस्टर गाळणीच म्हणत. माझ्या आणि त्यांच्या गाडीला योगायोगाने एकाच मापाची गाळणी लागायची. मी ऑनलाइन तीन गाळण्यांचं एक पाकीट मागवलं होतं, पिवळ्याधमक रंगाच्या, दुकानात एक मिळते त्याहून कमी पैशांत तीन. त्यातली एक एका गॅरेजवाल्याकडून बसवून घेतली आणि स्वतःवर खूश होऊन फिरत होतो. आठवड्याभराने मिस्टर मला फाटकाशी भेटले.

"तुझी गाडी सकाळी खोकते."

"थंडी आहे ना."

"गाडीला सर्दी होत नाही. कुठली गाळणी लावलीस?"

मी अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "त्यातली एक घेऊन ये. कापायला."

त्या दुपारी त्यांच्या टेबलावर तीन गाळण्या होत्या. माझी पिवळी, त्यांची नेहमीची काळी, आणि एक निळी, शोरूमवाले देतात ती महागडी. माझ्याकडे टॉर्च होता. मिस्टरांनी गोल पत्रा कापायच्या कटरने तिन्हींची टोपणं सोडवली, आतला कागदाचा चुण्या घातलेला गोळा चिमट्याने बाहेर काढला आणि टॉवेलवर पसरला. तीन मासे सोलून ठेवावेत तसं दिसत होतं.

"मोज," ते म्हणाले.

मी चुण्या मोजल्या. पिवळीच्या काळीपेक्षा निम्म्याही नव्हत्या. कागद मध्ये पातळ, दोन्ही टोकांना पुठ्ठा चिकटवलेला, एका बाजूने सुटलेला. मग त्यांनी एक रबरी चकती उचलली. गाडी बंद केल्यावर गाळणीतलं तेल परत खाली वाहून जाऊ नये म्हणून हा पडदा असतो, ते म्हणाले. काळीतला पडदा त्यांनी बोटात दुमडला, तो कानाच्या पाळीसारखा मऊ होता. माझ्या पिवळीतला दुमडला तर कडक, आणि कडेला फट. "रात्री तेल निथळतं. सकाळी चावी फिरवलीस की दोन-तीन सेकंद इंजिन कोरडं धावतं. तोच तुझा खोकला."

"म्हणजे महागच घ्यायला हवी," मी ओशाळून म्हणालो. चूक कबूल करताना मी नेहमी दुसऱ्या टोकाला जाऊन करतो.

"कोण म्हणालं? निळी मोज."

निळीच्या चुण्या काळीइतक्याच निघाल्या. पडदा तोच, स्प्रिंग तीच, पत्र्यावरच्या शिक्क्याचा साचासुद्धा तोच. फक्त वरचा रंग वेगळा. मिस्टर लहान मुलासारखे खूश झाले. त्यांना स्वस्तातलं वाईट पकडण्यापेक्षा महागातलं पोकळ पकडण्यात जास्त आनंद व्हायचा. "किंमत खोक्यावर असते रे," ते म्हणाले. "आतल्याला ती वाचता येत नाही."

त्यानंतर दर वर्षी आमच्या दोन गाड्यांची सर्व्हिस हा एक सोहळा असायचा. मिस्टर गाडीखाली, मी बाहेर टॉवेलवर पाने मांडून. ते न बघता हात बाहेर काढणार आणि आकडा सांगणार, मी तो पाना त्यांच्या तळव्यावर जोरात ठेवायचा. हळू ठेवलेला त्यांना चालत नसे. एकदा मी पान्याऐवजी बिस्किट ठेवलं. गाडीखालून आवाज आला, "सिस्टर, हे निर्जंतुक आहे काय?"

मग एका वसंतात त्यांच्या हातून पान्याचं सॉकेट निसटलं. पहिल्यांदा मी ते उचलून दिलं. दुसऱ्यांदा निसटलं तेव्हा ते गाडीखालून बाहेर आले, बसले, आणि दोन्ही हात समोर धरून बघू लागले. हात थरथरत होते. गाडीखाली गार होतं म्हणून, असं मी काहीतरी म्हणालो. "रिटायर होऊन दहा वर्षं झाली," ते हातांकडे बघत म्हणाले, "आणि ह्यांना आत्ता कळलं." मग माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि पाना मला दिला. "आजपासून दिवा माझा. तू आत जा."

अशा रीतीने, डावं-उजवं न कळणारा मी, त्यांचे हात झालो. त्यांना वाकताही येईना, म्हणून ते घडीच्या खुर्चीवर बसून टॉर्च नुसता गाडीच्या दिशेने धरत. उजेड माझ्या गुडघ्यांवर पडायचा. तरी मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. जन्मभर सगळं आत डोकावून बघितलेल्या माणसाला आता मी काय सांगतो त्यावर अवलंबून राहावं लागत होतं. "वॉशर नवा घातलास?" "घातला." "गाळणीच्या रबरी रिंगला तेल लावलंस?" "लावलं." प्रत्येक उत्तरानंतर ते जरा थांबायचे. बघायची सवय सुटत नव्हती, आणि बघता येत नव्हतं.

हे सगळं मला कळत होतं. कळूनही मी केलं ते आता सांगतो.

काकू आणि मिस्टरांनी घर विकून लीड्सला मुलीजवळ जायचं ठरवलं. काकूंच्या एकटीच्याने आता सगळं होत नव्हतं. रविवारी निघायचं होतं, गाडी काकू चालवणार, आणि त्याआधी शनिवारी शेवटची सर्व्हिस. तेल त्यांच्याकडे होतं. गाळणी आणायचं काम माझं. काळी, आणि ह्या वेळी एकच, कापायला वेळ नव्हता. पंधरा दिवस आधी सांगितलं होतं. मी पंधराही दिवस 'उद्या' म्हणालो आणि शनिवारी सकाळी दुकानात गेलो तर काळी संपलेली. सोमवारी येईल म्हणाले.

आता माझ्या जागी कुणाही सरळ माणसाने जाऊन सांगितलं असतं, मिस्टर, विसरलो. मी घरी आलो, कपाट उघडलं. तीन पिवळ्यांतली तिसरी तिथे होती. शेजारी मागच्या वर्षीच्या काळीचा रिकामा खोका होता. मी पिवळी त्या खोक्यात घातली. ती इतकी बरोबर बसली की मला तो शुभशकुन वाटला.

ड्राइव्हवर मिस्टर खुर्चीवर मफलर गुंडाळून बसले होते. मी खोका त्यांना लांबून दाखवला आणि गाडीखाली शिरलो. तेल काढलं, जुनी गाळणी उतरवली, नवी चढवली. वरून आवाज आला, "काळीच आहे ना?"

"काळीच," मी म्हणालो.

ते नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "बरं."

संध्याकाळी चहा पिताना ही हकिकत मी मेघनाला विनोदी किस्सा म्हणून सांगितली. खोक्यात कशी चपखल बसली ते हाताने करून दाखवलं. ती हसली नाही.

"त्यांनी विचारलं, आणि तू काळीच म्हणालास?"

"अगं, लीड्सपर्यंत काय होतंय? सत्तर-ऐंशी मैल. काही होत नाही तेवढ्याने."

"गाडीला काय होतंय हे नाही विचारलं मी. त्यांनी विचारलं आणि तू हो म्हणालास?"

"हो."

"मग सकाळी जा. ते निघायच्या आत."

मी बरीच कारणं दिली. उगाच त्यांना मनस्ताप, निघताना अपशकुन, वय झालंय. मेघना कप विसळत राहिली. मला झोप आली, खोटं कशाला बोलू, चांगली आली. पण सकाळी उठलो तेव्हा खिडकीतून दिसलं की काकूंची गाडी ड्राइव्हवर सुरू आहे आणि मिस्टर पट्टा लावून आत बसलेत. मी पायजम्यावर कोट चढवून धावलो.

काकूंनी काच खाली केली. "अहो, रात्रीच निरोप घेतलात की. इतकी माया?"

मी पलीकडे मिस्टरांच्या खिडकीशी गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. काळी मिळाली नाही, पिवळी लावली, खोका जुना होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. इंजिन चालू होतं आणि मी त्यावरून ओरडून बोलत होतो, त्यामुळे समोरच्या घराचा पडदा हलला.

मिस्टरांनी काकूंना इंजिन बंद करायला सांगितलं. शांत झाल्यावर विचारलं, "रिंगला तेल लावलं होतंस?"

"हो."

"घट्ट हाताने केलीस की पान्याने?"

"हाताने."

"गळती बघितलीस?"

"बघितली. नव्हती."

"मग लीड्सला पोचते." ते समोरच्या काचेतून बघत होते. "काल का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही रागावला असतात."

"रागावलो असतो," ते म्हणाले. "मग?"

तेव्हापासून मी आयुष्यात ज्या ज्या वेळी काही लपवलं, ऑफिसात, घरात, आईपासून, त्या प्रत्येक वेळेला हा प्रश्न लावून पाहिला. रागावले असते. मग?

काकू हळूच म्हणाल्या, "जाऊ दे हो, पोरगं पायजम्यात आलंय."

"मी हॉस्पिटलात शिकाऊ सर्जन घडवले, मुली शिकवल्या, पोरं शिकवली," मिस्टर म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. "चूक सगळे करतात. मला खाली बघता येत नाही आता. मी काय करू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी काच वर करायचं बटण दाबलं, मध्येच थांबवलं आणि उरलेल्या फटीतून म्हणाले, "महिनाभरात ये आणि बदलून जा. तूच यायचंस. पत्ता शैला देईल."

गाडी गेली. मी पायजम्यात ड्राइव्हवर उभा राहिलो, शेजाऱ्यांना छान दिसेल असा.

तीन आठवड्यांनी मी लीड्सला गेलो. वाटेत दोनदा बाजूला थांबून पिशवी उघडून पाहिली, काळीच घेतली आहे ना. स्वतःवरचाही माझा विश्वास तेव्हा जरा कमी झाला होता. मुलीच्या घरासमोरचा रस्ता उताराचा, फुटपाथ अरुंद. मिस्टर वाळले होते. आता खुर्चीतून टॉर्चही धरवत नव्हता, तो त्यांनी मांडीवर आडवा ठेवला होता. पाने मात्र टॉवेलवर क्रमाने लावून ठेवले होते. काकू म्हणाल्या, सकाळपासून लावतायत, मदत घेत नाहीत.

मिस्टर हवेबद्दल बोलले. लीड्सच्या लोकांच्या उच्चारांबद्दल बोलले. माझ्या पित्ताशयाची चौकशी केली, कुठल्या बाजूला आहे आता, म्हणाले. मी गाडीखाली शिरलो. पिवळी काढली, तोंड पुसलं, तिची जुनी रिंग सोबत निघून आली ना ते दोनदा बघितलं, नव्या रिंगला बोटाने तेल फिरवलं, हाताने घट्ट केली. गाडीखालून मला बाहेरचं जग वीतभर दिसत होतं. फुटपाथची कड, खुर्चीचे दोन पाय आणि मिस्टरांचे तपकिरी बूट, काकूंनी बांधून दिलेल्या नाडीच्या मोठ्या गाठींसह.

"कुठली लावलीस?" वरून आवाज आला.

"काळी," मी म्हणालो, आणि लगेच सरपटत बाहेर यायला लागलो. "थांबा, टॉर्च द्या, तुम्हाला दिसेल असं करतो. फोनवर फोटो काढून दाखवतो, एक मिनिट."

"कशाला?" मिस्टर म्हणाले. "सांगितलंस की."

मी तसाच अर्धवट पडून राहिलो. खुर्ची करकरली. बूट जमिनीवर नीट टेकले, जरा डगमगले, स्थिर झाले. जन्मात काही कापून बघितल्याशिवाय ज्यांनी मान्य केलं नाही ते बूट गाडीकडे एक पाऊलही न येता वळले आणि दाराकडे चालू लागले. मध्येच थांबून ते आत ओरडून म्हणाले, "शैला, पाने घे. काम झालं."

त्यानंतर आम्ही जेवलो असणार. निघताना त्यांनी दारातून हातही केला असणार, ते नेहमी करत. पुढच्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला, मिस्टर गेले. पण मिस्टर आठवायचे म्हटलं की मला त्यांचा चेहरा आधी येत नाही. मी गाडीखाली उताणा, तोंडावर तेलाचा एक थेंब, आणि उताराच्या त्या फुटपाथवरून, भिंतीला हात लावत, सावकाश घरात जाणारे ते दोन तपकिरी बूट. मागे वळून न बघता.